विश्लेषण : ‘लिव्हिंग विल’ म्हणजे काय? ते कसे करायचे?

बरे होण्याची आशा नसलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. ‘काढायचे की ठेवायचे’ हे नातेवाइकांना ठरवावे लागते. हे उत्तर आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार बीडमधल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीलाही आहे. त्यालाच ‘लिव्हिंग विल’ म्हणतात.

हा अधिकार कुठून आला?
केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची मागणी फेटाळली. पण कृत्रिम उपचार थांबवण्याचा मार्ग खुला केला. ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरणे हा कलम २१ चा भाग ठरला.

प्रक्रिया काय?
२०२३ च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यावे. निर्णय घेणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे लिहावीत. प्रत फॅमिली डॉक्टर आणि नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी.

अंतिम निर्णय कसा होतो?
तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रुग्ण तपासतात. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

इंजेक्शन देऊन मृत्यू घडवता येतो का?
नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून अटींसह मुभा आहे. भारतात तो गुन्हाच. मृत्युपत्र संपत्तीचे असते, हे शरीराचे. म्हणून घरच्यांशी आजच बोला.