सारस कोणत्या टाइपचा?

आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधला. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याचा तो अंमलदार. किल्ल्याभोवतीचा तुमसर तालुका म्हणजे सातपुड्याचा खडक, साग-बांबूचं जंगल, धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि जमिनीच्या पोटात मँगनीज. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच तालुक्यात. अशा मुलखात वाढणारं पोर मोबाइलवर पोकेमॉन खेळत बसलं की मोठी माणसं वैतागतात. मला मात्र वाटतं, त्याला त्या खेळातल्या लढाऊ प्राण्यांचा, म्हणजे पोकेमॉनांचा, अठरा टाइपांचा तक्ता समजावून सांगायला लावावं. आपल्या बांधीत आणि तलावात रोज जे घडतं, त्यातलं पुष्कळ त्या तक्त्यात सापडतं.

खेळाचा जनक सातोशी ताजिरी टोकियोच्या माचिदा उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करायचा नाद होता. वस्ती वाढली, शेतं आणि डबकी बुजली, तसे किडेही गेले. पकडण्याचा आणि अदलाबदल करण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांना मिळावा, या इच्छेतून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन खेळ जपानात आले. तेव्हा टाइप होते पंधरा. आज अठरा आहेत: वॉटर, फायर, ग्रास, इलेक्ट्रिक, ग्राउंड, रॉक, फ्लाइंग, बग, पॉयझन वगैरे. हल्ला करणारा टाइप आडवा, सोसणारा उभा, असा तक्ता मांडला तर ३२४ चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत उत्तर चारांपैकी एक: मार दुप्पट, निम्मा, शून्य किंवा आहे तेवढाच. एका प्राण्याला दोन टाइप असले तर दोन्ही उत्तरांचा गुणाकार करायचा.

प्राणी कशाचा बनलाय किंवा कोणत्या कुळातला आहे, हे टाइप सांगत नाही. कोणाशी गाठ पडल्यावर त्याचं काय होतं, एवढंच तो सांगतो. गायराडॉस हा पोकेमॉन दिसतो हुबेहूब ड्रॅगनसारखा, पण त्याचा टाइप वॉटर-फ्लाइंग. अर्बोक नाग आहे, तरी सरपटणाऱ्यांचा असा टाइपच नाही, तो पॉयझनमध्ये. धानाच्या बांधीत साप दिसला की आपणही आधी विषारी का बिनविषारी एवढंच विचारतो, कूळ कोणी विचारत नाही.

बारबोच आणि व्हिस्कॅश ही चिखलातल्या माशांची जोडी घ्या. व्हिस्कॅश मागुराच्या जातीचा, मिशाळ. जपानी लोकसमजुतीत जमिनीखालचा अजस्र मिशाळ मासा हलला की भूकंप होतो. आपल्याकडे पृथ्वीचा भार शेषाच्या डोक्यावर. म्हणून व्हिस्कॅश वॉटर तर आहेच, शिवाय ग्राउंडही आहे. आता विजेचा हल्ला करून पाहा. पाण्यावर वीज दुप्पट लागते, मातीवर शून्य. गुणाकार शून्य. गाळातल्या माशाला वीज मारूच शकत नाही, कारण माती ती पिऊन टाकते. (खऱ्या तलावात करंट सोडला तर गाळातला मासाही मरतो, हे सांगायलाच हवं.) ग्रासचा हल्ला केला तर? झाड पाणी शोषतं, मुळांनी मातीही धरून ठेवतं. दुप्पट गुणिले दुप्पट, चौपट मार. व्हिस्कॅशची एकमेव कमजोरी हीच. बेशरम आणि जलपर्णी वाढून तलाव कसा मरतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही चौकट पाठ करावी लागणार नाही.

मग आपला सारस कोणत्या टाइपचा? पाण्यात वावरतो, उडतो, म्हणजे वॉटर-फ्लाइंग. ग्राउंडचा हल्ला त्याला लागतच नाही, उडून जातो. पण वीज वॉटरवर दुप्पट, फ्लाइंगवरही दुप्पट, म्हणजे सारसावर चौपट. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं, कारण शेजारच्या गोंदियात विजेच्या तारांचा धक्का लागून सारस मेल्याच्या नोंदी आहेत. सारसांच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आहे. तळ्याकाठी उतरणारा एवढा मोठा पक्षी आणि बांधावरून गेलेली तार यांची गाठ पडली तर काय होतं, ते तक्त्यातल्या दोन चौकटी सांगून जातात.

अशी वर्गवारी आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, मांसाच्या संदर्भात प्राण्यांचे आठ गट केले आहेत: प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर, प्रतुद. हिसकावून खाणारे प्रसह. त्यात वाघ, गाय, कावळा, ससाणा सगळे एकत्र. बिळात राहणारे भूमिशय. त्यात घोरपड, मुंगूस, बेडूक. सारस वारिचरांत. आजच्या प्राणिशास्त्राला हे गट चालणार नाहीत. पण वैद्याला कूळ नको होतं. हे मांस जड पडेल की हलकं, कोणाला मानवेल, एवढं हवं होतं. प्राणी कुठे राहतो आणि कसा खातो यावरून त्याचा परिणाम ठरवायचा, ही चरकाची रीत. ताजिरीच्या चमूने तीच खेळापुरती वापरली, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणूनच मुक्काम बदलला की टाइपही बदलतो. सँडश्रू हा खवल्या मांजराच्या वळणाचा पोकेमॉन, कोरड्या मातीत बीळ करणारा, ग्राउंड टाइपचा. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये खेळातल्या अलोला बेटांवरचे सँडश्रू बर्फाळ डोंगरावर राहायला गेलेले दाखवले आणि ते झाले आइस-स्टील.

अर्थात सगळ्या चौकटी निसर्गाने भरलेल्या नाहीत. काही निव्वळ तोल सावरायला आल्या. पहिल्या खेळात सायकिक टाइप एवढा वरचढ ठरला की बाकीच्यांचा टिकाव लागेना. भूत त्याला भारी पडायला हवं होतं, पण प्रत्यक्षात घोस्टचा मार सायकिकवर शून्य होता! १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये ते दुरुस्त झालं, शिवाय डार्क आणि स्टील हे दोन टाइप आणले. आता सायकिकला बग, घोस्ट आणि डार्क भारी पडतात. मन घाबरतं ते किड्याला, भुताला आणि अंधाराला, असा त्याचा अर्थ खेळणारे लावतात. मला तो पटतो. २०१३ मध्ये ड्रॅगनांना वेसण घालायला फेअरी आला. वर्षानुवर्षं नॉर्मल असलेली क्लेफेरी तेव्हापासून फेअरी झाली.

स्टीलचं आगमन तुमसरकरांना जवळचं वाटावं. मॅग्नेमाइट हा लोहचुंबकी पोकेमॉन १९९६ मध्ये फक्त इलेक्ट्रिक होता. १९९९ पासून तो इलेक्ट्रिक-स्टील झाला. मँगनीज मुख्यतः पोलादात जातं, आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग कोरड्या बॅटरीत होतो. पोलाद आणि वीज दोन्ही एकाच खनिजात. स्टीलवर फायर, फायटिंग आणि ग्राउंड हे तीनच भारी. भट्टीत ते वितळतं आणि घणाखाली वाकतं, हे उघड आहे. ग्राउंडचं कारण मात्र गंजण्यात शोधावं लागतं. ओल्या मातीत राहिलेलं पोलाद गंजून जातं.

चरकाला एका ठिकाणी मात्र गट सापडला नाही. शेळी-मेंढी सगळीकडे चरतात, त्यांचा मुलूख निश्चित नाही, म्हणून त्यांना आठांपैकी कुठल्याच गटात टाकता येत नाही, असं संहिता स्पष्ट सांगते. पोकेमॉनने त्यांनाही टाइप दिले. १९९९ ची मेंढी मरीप इलेक्ट्रिक, कारण लोकर घासली की वीज साठते. २०१३ ची शेळी स्किडो ग्रास. तक्त्याच्या हिशेबाने गवताचा हल्ला तिच्यावर निम्माच लागतो. २०१९ ची मेंढी वूलू मात्र नॉर्मल आहे. नॉर्मलचा मार कोणावरच दुप्पट लागत नाही. चरकाच्या निवाड्याला सगळ्यात जवळची तीच.