लॉक क्षणभराचं, रांग मात्र लांब

महाळुंग्याहून चाकणला जाणाऱ्याला ठाऊक असतं की तळेगाव चौक आहे तसाच राहिला, तर रस्त्याला मार्गिका जोडून गाड्या लवकर पोचत नाहीत, चौकातली रांग तेवढी वाढते. संगणकाच्या बाबतीत मात्र ‘कोअर वाढवले की वेग वाढतो’ हा समज सहज स्वीकारला जातो. १९९६ साली लिनक्स २.० मध्ये एकाहून अधिक प्रोसेसरची सोय आली, पण संपूर्ण कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एकच मोठं लॉक होतं. एक प्रोसेसर कर्नलमध्ये असेपर्यंत बाकीचे बाहेर ताटकळत. ते लॉक पुरतं हटवायला २०११ उजाडलं.

दुसरा समज अधिक फसवा आहे: लॉक क्षणभरच धरलं, तर त्रास कसला? एमआयटीच्या संशोधकांनी २०१० साली ४८ कोअरच्या यंत्रावर लिनक्स तपासलं, तेव्हा एक्झिम या मेल सर्व्हरची गती माउंट तक्त्यात (कोणती फाइल-प्रणाली कुठे जोडली आहे याच्या यादीत) शोध घेण्यापुरत्या लॉकपाशी अडली. लॉकखालचं काम किरकोळ होतं, महाग पडत होती ती लॉकची देवाणघेवाण. लॉक म्हणजे अखेर मेमरीतली एक जागा. ती बदलायची तर तिची कॅशे लाइन, म्हणजे ती जागा असलेला मेमरीचा छोटा तुकडा, प्रत्येक कोअरला आपल्याकडे ओढून घ्यावी लागते, आणि वाट पाहणारे वाढले की ही ओढाताणच मूळ कामाला मागे टाकते. ‘नुसतं वाचणाऱ्यांची एकमेकांना अडचण नसते’ हेही म्हणूनच अर्धसत्य आहे. रीडर-रायटर लॉकमध्ये वाचणारासुद्धा सामायिक मोजणीत आपली नोंद करतो, म्हणजे लिहितोच. खरा खर्च लॉकच्या नावाचा नसून सामायिक जागेवर लिहिण्याचा आहे. संशोधकांनी तक्त्याची प्रत प्रत्येक कोअरला स्वतंत्र दिली आणि तो अडथळा दूर झाला.

मग लॉक काढूनच टाकावं का? लॉकविरहित कोडमधली अ‍ॅटॉमिक सूचनाही त्याच सामायिक जागेवर लिहीत असेल, तर ओढाताण कायम राहते. बंगळुरूच्या आयबीएममधील दीपंकर सर्मा यांच्या हातून ऑक्टोबर २००२ मध्ये लिनक्समध्ये आलेली आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) पद्धत मुळावर घाव घालते: वाचणारा सामायिक जागेवर काहीच लिहीत नाही, बदल करणारा नवी प्रत जोडतो आणि आधीचे वाचक बाहेर पडल्यावर जुनी मोकळी करतो. यावर आक्षेप असा की त्यात मेमरी अडकून राहते आणि वारंवार बदलणाऱ्या माहितीला ती पद्धत सोसत नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच ती वाचन जास्त आणि बदल कमी असतील तिथेच वापरावी. एका मोठ्या लॉकचे अनेक छोटे तुकडे करणं हा दुसरा मार्ग, पण त्याचीही किंमत मोजावी लागते. तुकडे वाढले की ते घेण्याचा क्रम चुकून डेडलॉक होण्याचा, म्हणजे दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकण्याचा, धोका वाढतो. असे चुकीचे क्रम पकडणारं लॉकडेप हे साधन २००६ पासून कर्नलमध्येच आहे. ‘हे सगळं मोठ्या सर्व्हरपुरतं’ असंही म्हटलं जातं. पण लिनक्स ६.४ मध्ये, २०२३ साली, प्रोसेसच्या संपूर्ण मेमरी-नकाशाच्या लॉकऐवजी पेज फॉल्टपुरतं (हवं ते पान मेमरीत जोडलेलं नसताना ते जोडण्यापुरतं) त्या-त्या भागाचं लॉक आलं, त्यामागे अँड्रॉइड अ‍ॅप सुरू होताना अनेक थ्रेडची होणारी अडवणूकही होती. तेव्हा आधी लिनक्सच्या लॉकस्टॅट किंवा पर्फ या मोजणी-साधनांनी रांग कुठे लागते ते मोजावं, मग तिथे कोण काय सामायिक लिहितंय ते पाहावं आणि ते लिहिणं टाळता येतं का, हे ठरवावं. लॉकचा प्रकार बदलण्याचा विचार त्यानंतरचा.