वाकड्या लाकडांची गोदी

आमचं नेरे हिंजवडीच्या पलीकडचं, मुळशीतलं भातखाचरांचं गाव. खाचरांच्या बांधाला लागून आता उंच इमारती उभ्या राहिल्यात, पण पहिला पाऊस लागला की चिखलाचा वास अजून तोच येतो. इथल्या माणसाचा समुद्र म्हणजे ताम्हिणी घाट उतरून गेल्यावरचा, सुट्टीतला. जहाज बांधतात कसं, हा प्रश्न मुळशीकराला सहसा पडत नाही. मला तो लोहगडावर पडला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. शेजारच्या मावळातला लोहगड त्यात आहे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे. त्या आनंदात लोहगड चढलो होतो. गप्पा आरमारावर गेल्या तेव्हा बरोबरच्या एका तरुणानं विचारलं, "काका, किल्ले दिसतात, पण ती जहाजं बांधली कुठं?" उत्तर देता येईना. पुरवणीसाठी स्थळपरिचय लिहायचं ठरलं तेव्हा हाच प्रश्न घेऊन विजयदुर्गला निघालो.

कोल्हापूरवरून गगनबावड्याची वाट मुद्दाम धरली. हा बावडा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. अठराव्या शतकाच्या आरंभी पंतांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला लाकडाविषयीचा भाग कोणत्याही काळात वाचावा असा आहे. साग वगैरे लाकूड आपल्या अरण्यातून हुजुराच्या परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. जहाजाचं गणित झाडापासून सुरू होतं आणि झाडाचं गणित माणसापासून, हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. घाट उतरून तळेऱ्याला आणि तिथून वाघोटणमार्गे विजयदुर्गला पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या झाडीकडे मी त्याच नजरेनं पाहत होतो.

किल्ल्याचा इतिहास वाचकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. पाया शिलाहार राजा भोजाच्या काळातला. गिर्ये गावावरून जुनं नाव घेरिया. शिवरायांनी तो आदिलशाहीकडून घेतला, तटबंदी वाढवली आणि विजयदुर्ग हे नाव दिलं. पुढे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांचं आरमार इथं नांदलं. वाघोटण खाडीच्या तोंडाशी तिहेरी तटाचा हा किल्ला उभा आहे आणि पर्यटकांच्या गाड्या त्याच्या दारापर्यंत येतात. बहुतेक गाड्या तिथूनच परत वळतात.

आंग्र्यांची जहाजं बांधायची गोदी मात्र किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत, गिर्ये गावाच्या अंगाला, खाडीच्या कुशीत लपलेली आहे. खडक फोडून केलेला हा प्रचंड खळगा सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. तोंड उत्तरेला. चारशे-पाचशे टनांपर्यंतची जहाजं इथं बांधली आणि दुरुस्त केली जात. गोदीची खरी यंत्रणा समुद्राची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढलं की जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला ते कोरड्यावर टेकलं की तळाचं काम करायचं. काम आटोपलं की पुढच्या उधाणाची वाट पाहायची. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी पुरेसं चढत नाही, म्हणून इथं पंचांग हेच कामाचं वेळापत्रक.

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. तोंडाशी थोडी वाट मोकळी, बाकी सगळा गाळ. कडेनं तिवरांची झाडं, चिखलात खेकड्यांची बिळं. जिथं तीन डोलकाठ्यांची गुराब टेकत असे तिथं एक बगळा उभा होता.

गुराब हे आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या घरातली. मधे रुंद, पुढे निमुळती होत गेलेली आणि तळ उथळ, म्हणून खाडीत शिरायला सोपी. तिच्या जोडीला गलबतं. ती सहसा सत्तर टनांच्या आतली, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की विलायती जहाज जागच्या जागी अडकायचं. तेव्हा ही गलबतं गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला नेत. युरोपीय खलाशांना या आरमाराचा धाक वाटे त्याचं कारण केवळ शौर्य नव्हतं. या किनाऱ्याचं पाणी आणि वारा ओळखून केलेली बांधणी हे तितकंच मोठं कारण होतं.

त्या बांधणीची कल्पना मला आली ती मात्र गोदीवर नाही, खाडीकाठच्या एका वाडीत. तिथं एका माडाच्या सावलीत एक वृद्ध मिस्त्री भेटले. वय ऐंशीच्या पुढचं. आयुष्यभर मचवे आणि होड्या बांधल्या. आता नजर अधू झाल्यामुळे हत्यार खाली ठेवलंय. त्यांच्या अंगणात एक फांदी पडली होती, कोपरात वाकवलेल्या हातासारखी. मी विचारलं, "आबा, ही जळणाला का?" ते हसले. "जळणाक? सरळ लाकडाचा घर होता, वाकड्याची होडी."

मग त्यांनी काठीनं वाळूत रेघ ओढून मला होडी समजावली. आधी पठाण, म्हणजे होडीचा कणा. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ उभी राहते. मग दोन्ही बाजूंना वाक, म्हणजे बरगड्या. हे वाक सरळ ओंडका कापून केले तर लाकडाची शीर तुटते आणि लाटेच्या माऱ्याला ते चिरतात. म्हणून निसर्गतः वळलेलीच फांदी शोधावी लागते. रानात फिरताना मिस्त्री झाडाकडे पाहतो तेव्हा त्याला त्या झाडात होडीचा कोणता भाग आहे ते दिसतं. त्यावर फळ्या, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर राळ आणि तेल. लाकूड पोखरणारा समुद्री किडा लागू नये म्हणून तळाला चुन्याचा लेप. "आणि आराखडा?" मी विचारलं. आबांनी कपाळावर बोट ठेवलं. "कागदार काय नसायचा. हात, दोरी नि डोळो."

आंग्र्यांच्या गोदीत नेमकं असंच काम चालत असेल, असा माझा दावा नाही. पण साग, ऐन आणि वाकड्या फांद्यांची ही समज ज्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या मुरली होती, तिथंच तशी गोदी उभी राहू शकली, एवढं नक्की. आता मासेमारीला फायबरच्या होड्या आल्या. त्या स्वस्त पडतात, दरवर्षी डागडुजी लागत नाही. कोळी बांधवांनी त्या घेतल्या यात त्यांचा दोष नाही. पावसाळ्यात शाकारलेल्या लाकडी होड्या मात्र किनाऱ्यावर कमी कमी होत चालल्यात. "मुलांका शिकवलास?" या प्रश्नावर आबांनी फक्त मुंबईच्या दिशेला हात केला.

गोदीचं दैव फिरलं ते १७५६ साली. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि पुण्याचा पेशवे दरबार यांच्यातलं वैर विकोपाला गेलं होतं आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह आरमार घेऊन आले. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. ते आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेलं. एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांत आग पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. बांधणीत असलेली जहाजंही वाचली नाहीत. आमच्या पुण्याच्या बाजूनं झालेल्या निर्णयाची ही किंमत आहे आणि गोदीच्या काठावर उभं राहिल्यावर ती मनाला फार लागते. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गला सुभा आरमार उभारलं आणि आनंदराव धुळपांनी ते नेटानं चालवलं. १७८३ साली रत्नागिरीजवळ त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पाडाव केलं. पण १८१८ ला किल्ला इंग्रजांकडे गेला आणि गोदी ओस पडत गेली.

त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानाची जहाजं इंग्रजांच्या नौदलासाठी बांधत होते. १८१७ साली तिथं पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. लोक तिकीट काढून ते पाहतात. आंग्र्यांची एकही गुराब आज शिल्लक नाही. शिल्लक आहे ती ज्या खळग्यात त्या जन्मल्या तो खळगा, आणि तोही गाळानं भरत चाललाय. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला गोदीची साधी पाटीही दिसली नाही. वाट एका शाळकरी मुलानं दाखवली.

किल्ला सांगतो की आपण लढलो कसे. गोदी सांगते की आपण घडवलं काय आणि कसं. माझ्या लेखी दुसरी साक्ष पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण हात नसते तर हत्यार कुठून आलं असतं? किल्ला जगाच्या यादीत गेला, तशी गोदीही आपल्या यादीत यायला हवी. जाणकारांच्या देखरेखीखाली तिचा गाळ काढावा, तिचं नीट मोजमाप व्हावं, वाटेवर पाटी लागावी. आणि हे होईपर्यंत किनाऱ्यावर जे चार-दोन मिस्त्री उरलेत, त्यांच्याकडचे शब्द आणि हातखंडे कुणीतरी वहीत उतरवावेत. गाळ पुढच्या वर्षी काढला तरी चालेल. आबांचं वय पुढच्या वर्षासाठी थांबणार नाही.

विजयदुर्गला जाल तेव्हा किल्ला पाहून झाल्यावर गाडी लगेच वळवू नका. गावात ओहोटीची वेळ विचारा, पायात चिखलाला चालतील अशा चपला घाला आणि गोदीवर जा. गोदीचा खडक ओहोटीलाच उघडा पडतो.