गुडघ्याचं मलम आणि बंगालचा उपसागर

अकलूजच्या आमच्या घरात आजीचा दिवस गुडघ्यांना मलम चोळून संपतो. बोटाच्या पेराएवढं मलम, त्याचा तो उग्र वास, वरून शेकायला गरम फडकं. सकाळी अंघोळीला तीच आजी गुडघ्यांवर दोन तांबे कढत पाणी जास्त ओतते आणि रात्रीचं बरंचसं मलम मोरीतून वाहून जातं. त्यातलं मुख्य औषध डायक्लोफिनॅक. कातडीतून ते शरीरात मुरतं जेमतेम ६-७ टक्के. बाकीचं लुगड्याला, अंथरुणाला लागतं, नाहीतर पाण्यात उतरतं.

मग गोळी घेतली तर ती पोटात पुरती जिरते का? मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीर मोडतच नाही. रक्तात जातं तेवढं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. डायक्लोफिनॅकची गोष्ट जरा वेगळी. यकृत त्याचं रूप पालटतं, काही भागाला साखरेपासून बनलेला एक तुकडा जोडून तो पाण्यात सहज विरघळेल असा करतं. पण सांडपाण्यातले जीवाणू तो जोड सोडवतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं. यकृताची मेहनत गटारात उलटते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो.

अकलूजचं पाणी उतरतं नीरेकडे. नीरा नरसिंहपूरला भीमेत, भीमा पंढरपूरवरून पुढे रायचूरजवळ कृष्णेत, आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत बंगालच्या उपसागरात. औषध कारखान्यांच्या हैदराबादचं पाणी घेऊन येणारी मुशीही वाटेत तिलाच मिळते.

एवढ्या लांबच्या वाटेवर ऊन पुष्कळ काम करतं. उथळ, निवळ पाण्यात डायक्लोफिनॅक उन्हानं लवकर फुटतं. गढूळ नि खोल पाण्यात ते टिकून राहतं. फिटवरचं कार्बामाझेपिन तर सहजी मोडत नाही. २०२२ साली १०४ देशांतल्या २५८ नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वाधिक ठिकाणी आढळलेल्या औषधांत कार्बामाझेपिन आणि मेटफॉर्मिन होती. आजीच्या मलमाचा कण समुद्र गाठेलच असं नाही. पण मुंबई-रत्नागिरीच्या दुखऱ्या गुडघ्यांना समुद्र दाराशीच आहे, आणि जुनं औषध विरेपर्यंत रोज नवं येतच राहतं.

समुद्रात डायक्लोफिनॅक काय करतं? प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होऊ न देता हे औषध सूज उतरवतं. तशी द्रव्यं शिंपल्यांच्या अंगातही असतात. खडकाला धाग्यांनी चिकटून राहणारे बाल्टिक समुद्रातले शिंपले प्रयोगशाळेत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि प्रोप्रानोलॉल यांच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यांचे धागे कमजोर झाले, वाढीसाठी उरणारी शक्ती घटली. प्रमाण समुद्रात सहसा सापडतं त्याहून बरंच जास्त होतं, हेही सांगायला हवं. पण माणसाला सोसणारं औषध दुसऱ्या जिवाला सोसेल, ही खात्री आपण गिधाडांपाशी गमावली आहे. डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं होत आलं होतं.

मलम चोळल्यावर हात लगेच धुवायचे नाहीत, आधी कागदाला पुसायचे आणि तो कागद कचऱ्यात टाकायचा, एवढं मी आजीला सांगितलं. तिनं पुढचं काही विचारलं नाही. आता तिच्या उशाशी मलमाच्या ट्यूबशेजारी जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे रचलेले असतात.