अ‍ॅसिडची बाटली आणि दुकानदाराची वही

बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत फरशीवर, नळाच्या तोटीवर आणि संडासच्या भांड्यावर पांढरट थर बसतो. तो साबणाने निघत नाही. त्यामुळे अकोल्याच्या जुन्या शहरात काय किंवा मोर्णेच्या अलीकडच्या नव्या वस्त्यांत काय, मोरीच्या कोपऱ्यात अ‍ॅसिडची बाटली ठेवलेली असते. किराणा, हार्डवेअर किंवा फिनाईलवाल्याच्या गाडीवर मिळणारी ही रोजची, स्वस्त वस्तू. पण ती कुणाच्या चेहऱ्यावर फेकली गेली, तर विकणाऱ्याची जबाबदारी किती?

हाच प्रश्न अमेरिकेत बंदुकीच्या दुकानांबाबत अनेक वर्षे गाजतो आहे. तिथे २००५ च्या कायद्याने बंदूक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. ग्राहकाने पुढे काय केले याला दुकानदार कसा जबाबदार, हा त्यामागचा युक्तिवाद. पण तिथल्याच सरकारी यंत्रणेच्या २००० मधील अहवालात एक वेगळी बाजू दिसली होती. गुन्ह्यांच्या तपासात माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुकांचा माग जेमतेम १.२ टक्के विक्रेत्यांपर्यंत पोहोचत होता. म्हणजे दुकान कसे चालवले जाते, याने फरक पडतो.

आपल्याकडे बंदूक परवान्याशिवाय मिळत नाही. कीटकनाशक विकायलाही कृषी सेवा केंद्राला परवाना लागतो. अ‍ॅसिड मात्र दीर्घकाळ फिनाईलसारखेच विकले गेले. एका पीडित तरुणीने २००६ मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचे नियम घालून दिले. दुकानदाराने नोंदवही ठेवावी. त्यात घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि किती माल दिला हे लिहावे. सरकारी फोटो ओळखपत्र पाहावे आणि अ‍ॅसिड कशासाठी हवे ते विचारावे. १८ वर्षांखालील कुणालाही विकू नये. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाहीर करावा. नियम मोडल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत वांद्रे टर्मिनसवर एका तरुणीवर अ‍ॅसिड फेकले गेले होते. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठी ती नुकतीच गाडीतून उतरली होती. तिच्या चेहऱ्याबरोबर श्वसनमार्गालाही गंभीर इजा झाली. महिनाभराने, १ जूनला तिचा मृत्यू झाला.

अ‍ॅसिड शरीरात नेमके काय करते? तीव्र आम्लाच्या संपर्कात येताच ऊतींमधील प्रथिने गोठतात आणि पेशी मरतात. सल्फ्युरिक आम्ल तर पेशींतले पाणी शोषून घेते आणि त्या क्रियेत उष्णताही निर्माण होते, म्हणजे इजा दुहेरी होते. पापण्या आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा फार नाजूक असल्याने दृष्टी जाऊ शकते. विस्तवाचा चटका क्षणाचा असतो. अ‍ॅसिड मात्र धुऊन निघेपर्यंत आपले काम करत राहते. पुढे आकसलेली त्वचा सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

गिऱ्हाइकाच्या मनातले कसे ओळखायचे, ही दुकानदारांची तक्रार खोटी नाही. पण नोंदवही मन ओळखण्यासाठी नसतेच. तिचा उपयोग दोन ठिकाणी होतो. नाव-पत्ता लिहून द्यावा लागला की घेणारा अनोळखी राहत नाही, त्यामुळे पोलिसांना माग मिळतो. आणि रागाच्या भरात निघालेल्या माणसाला थोडा अडथळा होतो, थोडा वेळ जातो. सार्वजनिक आरोग्यात अशा अडथळ्याला मोल आहे.

बांगलादेशाचे उदाहरण बोलके आहे. २००२ मध्ये तिथे सुमारे ५०० अ‍ॅसिड हल्ले नोंदले गेले. त्याच वर्षी अ‍ॅसिडची आयात, साठा आणि विक्री परवान्याखाली आणणारा एक कायदा आणि कठोर शिक्षेचा दुसरा कायदा झाला. दशकभरात हल्ले वर्षाला शंभराच्या खाली आले. त्यात जनजागृतीचाही मोठा वाटा होता.

नोंदवहीला मर्यादाही आहेत. दुकानात विचारणा होऊ लागली तरी मोबाईलवर मागणी नोंदवता येते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर फेकलेले अ‍ॅसिड ऑनलाइन मागवल्याचे समोर आले आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन कंपन्यांना नोटिसा दिल्या. विदर्भातच, हिंगणघाटला, फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळले गेले. ज्याला घातच करायचा आहे, तो दुसरे साधन शोधू शकतो. म्हणून सगळा भार एका किराणा दुकानदारावर टाकणे चुकीचे आहे, आणि त्याने हात झटकणेही तितकेच चुकीचे. उत्पादक, घाऊक व्यापारी, ऑनलाइन कंपनी आणि नोंदवह्या तपासणारे अधिकारी या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तपासायला कुणी येतच नसेल, तर वही कोरीच राहणार.

ग्राहकांनाही काही करता येईल. नामांकित संडास-क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १० टक्के असते, तर सुट्या अ‍ॅसिडमध्ये ते ३० टक्क्यांच्या आसपास असू शकते. घरच्या डागांसाठी एवढ्या तीव्र अ‍ॅसिडची गरज नसते. ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून घेऊ नये. मुले पाणी समजून पितात आणि अन्ननलिका कायमची आकसू शकते. ब्लीचिंग पावडरमध्ये अ‍ॅसिड मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

अ‍ॅसिड अंगावर पडल्यास

• लगेच भिजलेले कपडे आणि दागिने काढा. अंगाला चिकटलेले कापड ओढू नका.
• वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान २० मिनिटे धुवा. डोळ्यांत गेले असल्यास पापण्या उघड्या धरून पाणी सोडा. डोळे चोळू नका.
• हळद, तूप, टूथपेस्ट किंवा खाण्याचा सोडा लावू नका.
• पोटात गेले असल्यास उलटी करवू नका.
• रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ वर फोन करा.

हल्ल्यातील पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहेच; पण जवळचे रुग्णालय खासगी असेल, तर आधी तिथेच जावे. प्रथमोपचार आणि उपचार त्यांना नाकारता येत नाहीत. मनोधैर्य योजनेतील आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.