छोटी मूठ, मोठा बार

मूठ, चाप, घोडा आणि फिरते सिलिंडर ज्या एका पोलादी चौकटीत बसवलेले असते, तिला फ्रेम म्हणतात. रिव्हॉल्व्हरला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हे नळीपेक्षा या फ्रेमवर ठरते. लहान फ्रेमचे रिव्हॉल्व्हर शर्टाखाली झाकते, खिशात मावते. मोठ्या फ्रेमचे सव्वा किलोच्या घरात जाते. मॅग्नम काडतूस जन्मले ते या जड जातीसाठी. ते हलक्या जातीत घालण्याची हौस सत्तर वर्षांची आहे, आणि तिची किंमत कधी हाताने तर कधी नळीने मोजली आहे.

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी परवान्याची हत्यारे ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात. पहिली शेतीसंरक्षणाची बंदूक, बारा बोअरची किंवा ठासणीची. राधानगरीच्या जंगलातले गवे उसात उतरतात, त्यांना बार काढून पिटाळायचे. गव्यावर गोळी झाडायला मात्र कायद्याची सक्त मनाई आहे. दुसरे हत्यार आत्मसंरक्षणाच्या परवान्यावरचे, आणि ते बहुधा कानपूरचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. निवडणूक लागली की अशी हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. एरवी ती कपाटात कुलपाआड असतात. मॅग्नमची कीर्ती सिनेमांतून इथवर पोचली आहे. लहान रिव्हॉल्व्हरमध्ये तसले जोरदार काडतूस का चालत नाही, हा प्रश्न .३२ वाल्याला कधी ना कधी पडतोच.

त्याचे उत्तर शोधायला १८९६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने एक लहान रिव्हॉल्व्हर काढले आणि त्यासाठी .३२ लाँग हे काडतूसही काढले. त्या फ्रेमला पुढे ‘आय’ हे अक्षर मिळाले. ९८ ग्रेनची म्हणजे सव्वासहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर वेग, आणि चेंबरमध्ये दर चौरस इंचाला फार तर १५,००० पौंड दाब. लहान फ्रेम आणि हे काडतूस एकाच मापाने बेतलेले होते. १९५० मध्ये कंपनीने ही फ्रेम थोडी वाढवून तिच्यात .३८ स्पेशल बसवले, पण सहाऐवजी पाचच गोळ्यांची जागा ठेवून. तीच ‘जे’ फ्रेम. इथपर्यंत हिशेब सरळ होता.

.३५७ मॅग्नम आले १९३५ मध्ये. ‘मॅग्नम’ हा लॅटिन शब्द, अर्थ मोठा. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या बाटलीलाही हेच नाव आहे, आणि ब्रिटिश बंदूककार ते रायफलच्या जोरदार काडतुसांना आधीपासून लावत होते. .३५७ ची पुंगळी .३८ स्पेशलचीच, फक्त सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब. ही जादा लांबी दारूला जागा करण्यासाठी नव्हती. दुप्पट दाबाचे काडतूस कुणी चुकून जुन्या .३८ च्या चेंबरमध्ये घालू नये, घालायला गेले तर सिलिंडर बंदच होऊ नये, यासाठी ती ठेवली होती. दाब ३५,००० पौंडांवर गेला होता. पहिले मॅग्नम रिव्हॉल्व्हर कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या ‘एन’ फ्रेमवर बांधले, आणि ते शहाणपणाचे होते.

पण दिवसभर कमरेला सव्वा किलो वागवणारा शिपाई कुरकुरणारच. अमेरिकी सीमा गस्तीतले बिल जॉर्डन यांनी मधल्या ‘के’ फ्रेममध्ये मॅग्नम बसवण्याचा आग्रह धरला आणि १९५५ मध्ये तसे रिव्हॉल्व्हर निघाले. पुढे त्याला मॉडेल १९ म्हणू लागले. जॉर्डन यांची अट साधी होती: सराव .३८ ने करा, मॅग्नम कामापुरते ठेवा. पंधराएक वर्षे बहुतेकांनी ती पाळली. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे चार महामार्ग पोलीस एका चकमकीत मारले गेले. सरावाला एक काडतूस आणि रस्त्यावर दुसरे, ही पद्धत त्यानंतर टीकेत सापडली. अनेक दले सरावालाही मॅग्नमच झाडू लागली आणि मॉडेल १९ च्या नळ्या तडकू लागल्या.

तडा नेमका जात होता तो एका अंगठ्याएवढ्या जागी. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी जोडलेली नसतात. त्यांच्यात कागद सरकेल एवढी, साधारण पंधरा शतांश मिलिमीटरची फट असते, नाहीतर सिलिंडर फिरणारच नाही. चेंबरमधून सुटलेली गोळी ही फट ओलांडून नळीत शिरते. ती कडेला अडकू नये म्हणून नळीचे मागचे तोंड नरसाळ्यासारखे उतरते केलेले असते. बाराचा सगळा उष्ण वायू आधी याच नरसाळ्यावर आदळतो. ‘के’ फ्रेम लहान असल्यामुळे सिलिंडरचा बिजागरीसारखा दांडा बसायला जागा पुरत नव्हती, म्हणून नळीच्या तोंडाची खालची बाजू तासून सपाट केली होती. घड्याळाच्या तबकडीवर सहाचा आकडा असतो तिथे. पोलाद सर्वांत पातळ तिथेच. त्यात १२५ ग्रेनची हलकी गोळी लोकप्रिय झाली. ती आखूड असते आणि तिच्यामागे दारू जास्त. गोळी नळीचे तोंड बंद करण्याआधीच पेटती दारू आणि वायू तिला वळसा घालून पुढे धावतात आणि नरसाळे खरवडत जातात. आधी तिथे कातडीवर पडतात तशा सुरकुत्या येतात, मग खालच्या सपाट भागात उभी चीर. अख्ख्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाकी काही बिघडलेले नसते. कंपनीला १९८० च्या सुमारास यासाठी थोडी मोठी ‘एल’ फ्रेम काढावी लागली, आणि तिच्या नळीचे तोंड पूर्ण गोल ठेवले.

एवढा धडा मिळूनही गाडी उलटीच गेली. १९९० च्या दशकात पाच गोळ्यांच्या ‘जे’ फ्रेममध्येच .३५७ आले. नव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची फ्रेम आणि टायटॅनियमचे सिलिंडर घेऊन अवघ्या ३४० ग्रॅमचे मॅग्नम बाजारात उतरले. वजनाने ते दोन मोसंब्यांएवढे. याला धातुशास्त्राचा विजय म्हणता येईल, पण हाताचा नव्हे.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. गोळी आणि वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने हत्यार मागे येते. सव्वा किलोचे मॅग्नम ढोबळमानाने सेकंदाला चार मीटर वेगाने मागे ढकलले जाते आणि तळहातात दहा जूल ओतते. तेच काडतूस ३४० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले तर आखूड नळीमुळे गोळीचा वेग घटतो, तरी धक्का पंचवीस जूलच्या आसपास जातो आणि मागे येण्याचा वेग बारा मीटर होतो. पाऊणएक किलोच्या .३२ मध्ये हाच आकडा दीड-दोन जूल. बंदूक लाथ मारते असे जुने शिकारी म्हणत, ते खांद्याला दस्ता टेकवून. इथे लाथ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते. दुसरी गोळी झाडण्याआधी माणूस डोळे मिटतो, चापाला झटका देतो, नेम खाली जातो. आखूड नळीत न जळलेली दारू बाहेर पेटते, तिचा जाळ आणि आवाज वेगळाच.

हलक्या हत्याराचा आणखी एक चमत्कारिक दोष आहे. झटका बसतो तेव्हा सिलिंडरमधली उरलेली काडतुसे कडेने धरलेली असल्यामुळे हत्याराबरोबर मागे येतात. त्यांच्या तोंडातल्या जड गोळ्या मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात. दोनतीन बारांत गोळी पुंगळीतून ओढली जाऊन सिलिंडरच्या पुढे डोकावते, फ्रेमला अडते आणि सिलिंडर फिरायचे थांबते. पिस्तूल अडकते, रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, अशी ज्याची ख्याती, ते नेमके मोक्याच्या क्षणी असे मुके होते. जड गोळ्यांची काडतुसे या बाबतीत विशेष वाईट. हलक्या गोळ्यांचा दोष वेगळा: त्यांच्यामागची पेटती दारू टायटॅनियमचे सिलिंडर खरवडते, म्हणून अशा रिव्हॉल्व्हरच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये अशी सूचनाच कोरलेली असते.

कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी. त्याचा आराखडा ब्रिटिश वेब्ली मार्क चारवरून उचललेला. ते मध्यातून मोडते. घोड्यापुढची कडी अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. भरायला-रिकामे करायला याहून सोपे काही नाही. पण फ्रेम एकसंध नाही. वरच्या बाजूला सगळा भार त्या एका कडीवर आणि खाली बिजागरीवर. .३२ लाँगचा दाब ती वर्षानुवर्षे सोसते. मॅग्नमच्या दाबाला ती सैल होईल, आणि सैल कडी म्हणजे तोंडासमोर उघडू शकणारे हत्यार. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे आहे, वजन अर्धा किलो. काडतूस तेही .३२ चेच घेते.

भारतात .३२ रुजले ते कायद्यामुळे. १९६२ च्या शस्त्र नियमांनी .३८० आणि .४५५ ची सरकारी काडतुसे ज्यात बसतील अशी रिव्हॉल्व्हरे सामान्य परवान्याबाहेर ठेवली. त्यामुळे कारखान्यासमोर .३२ चा रस्ता उरला. ही मजबुरी वाटते तेवढी वाईट नव्हती. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात जगभरचे बहुतेक नेमबाज .३२ लाँगच वापरतात, कारण धक्का कमी आणि गोळी जिथे धाडावी तिथेच जाते. जसपाल राणा यांनी या प्रकारात १९९४ मध्ये हिरोशिमाला आणि २००६ मध्ये दोहाला आशियाई सुवर्ण जिंकले. दोहात त्यांनी ५९० गुणांसह विश्वविक्रमाशी बरोबरी केली.

परवानाधारकाच्या हातातल्या देशी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरे उमटवलेली असतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी एका कंपनीत गेली आणि कानपूरचा लघुशस्त्र कारखाना दुसरीत.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी कानपूरने ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, पल्ला कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५० मीटर. ते मध्यातून मोडत नाही. सिलिंडर बाजूला उघडते आणि फ्रेम एकसंध आहे. त्यातही काडतूस .३२ चेच घालायचे आहे.