झडपांवरची काजळी : खरवडण्यापूर्वी वाचावी

जबलपूर परिसरात गव्हाची मळणी आटोपल्यापासून भाताच्या चिखलणीला आरंभ होईपर्यंत ट्रॅक्टरला थोडी उसंत मिळते. इंजिन खोलून मोठी दुरुस्ती करण्याचा हाच काळ. मळणीच्या धुळीत तासन्‌तास चाललेले इंजिन काळा धूर सोडू लागले, ओढ कमी झाली, डिझेल अधिक लागू लागले, तर दोष अनेकदा झडपांपाशी, म्हणजेच व्हॉल्व्हपाशी, सापडतो. ही दुरुस्ती उरकती झाली, तर ऐन चिखलणीत इंजिन पुन्हा खोलावे लागते आणि रोपे लावणीवाचून खोळंबतात.

काजळीमुळे झडप का जळते?

चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा उघडते आणि मिटते. धूर बाहेर सोडणारी झडप या काळात तप्त वायूंनी वेढलेली असते. तिच्यातील बहुतेक उष्णता मिटलेल्या स्थितीत बैठकीवाटे हेडमध्ये आणि तेथून थंडाव्याच्या पाण्यात जाते. झडप आणि बैठक यांच्यामध्ये काजळीची खपली अडकली, की हा मार्ग खंडित होतो. फटीतून तप्त वायू निसटू लागतात आणि झडपेची कड जळून तिला खाच पडते. काजळी दांड्यावर साचली, तर झडप गाइडमध्ये अडखळते व पूर्ण मिटत नाही. दोन्ही प्रकारांत दाब गळतो.

काजळी काय सांगते?

हेड उतरवताच तारेचा ब्रश हाती घेऊ नये. काजळी पुसली, की दोषाचा पुरावाही पुसला जातो.

- पातळ, कोरडा, करडा वा तपकिरी थर : सामान्य झीज, चिंतेचे कारण नाही.
- कोरडी, भुसभुशीत, काळी काजळी : हवा अपुरी किंवा डिझेल अधिक. एअर क्लीनर चोंदलेला असणे, इंजेक्टरची फवारणी बिघडणे किंवा पंपाची जुळणी चुकणे ही कारणे तपासावीत.
- हवेच्या झडपेच्या पाठीवर तेलकट, जाड थर : गाइड किंवा दांड्याचे सील झिजून तेल आत उतरत आहे.
- सर्व सिलिंडरांत तेलकट काजळी : पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची झीज मोजावी.
- एकाच सिलिंडरात अधिक काजळी : त्याच सिलिंडरचा इंजेक्टर आधी तपासून घ्यावा.

सफाईची रीत

१. जाड पुठ्ठ्याला छिद्रे पाडून क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक झडप आपल्या क्रमांकात ठेवावी. झडप व बैठक एकमेकींबरोबर झिजलेल्या असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

२. झडपा रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवाव्यात. पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका असतो. कॉस्टिक सोड्याचे द्रावण ॲल्युमिनियम खाते, म्हणून पिस्टन त्यात कदापि बुडवू नये.

३. मऊ झालेली काजळी लाकडी वा पितळी पट्टीने काढावी. तारेचा ब्रश केवळ झडपेच्या डोक्यावर व पाठीवर चालवावा. दांडा आणि बैठकीला टेकणारी तिरकी कड यांवर ओरखडा पडू देऊ नये. यंत्रावर फिरणाऱ्या ब्रशच्या तारा उडतात, म्हणून चष्मा व नाकाला फडके आवश्यक आहे.

४. हेडमधील वाटा आणि गाइड स्वच्छ करावेत. गाइडमध्ये काजळी राहिली, तर स्वच्छ झडपही अडकते.

स्वच्छ झाली, पण मिटते का?

वाकलेला दांडा, खाच पडलेली कड किंवा चाकूच्या धारेप्रमाणे पातळ झालेला काठ दिसला, तर झडप बदलणेच योग्य. बाकीच्या झडपा बारीक ग्राइंडिंग पेस्टने हलक्या हाताने घासाव्यात. कडेवर सलग, एकसारखे, फिकट करडे वलय उमटले, की थांबावे. उत्पादकाने घासण्यास मनाई केली असल्यास पुस्तिकेचे पालन करावे. बैठक खोल गेली असेल किंवा गाइड सैल झाला असेल, तर काम यंत्रशाळेत न्यावे. गन कॅरेज फॅक्टरी (१९०४) आणि व्हेइकल फॅक्टरी (१९६९) यांच्या या शहराला यंत्रकाम नवे नाही.

पेस्टचा कणही मागे राहू नये. तो इंजिनात गेला तर सिलिंडर व बेअरिंग घासतो. सर्व भाग धुऊन, झडपा व स्प्रिंग बसवून हेड आडवे ठेवावे आणि वाटांमध्ये रॉकेल ओतावे. काही मिनिटे थांबूनही झडपेच्या कडेने ओल झिरपली नाही, तरच झडप मिटते असे समजावे.

जोडणी आणि त्यानंतर

जोडताना दांड्यांना तेल लावावे. सील व गॅस्केट नवी घालावीत. हेडचे नट पुस्तिकेतील क्रमाने व मापाने आवळावेत आणि टॅपेटचे अंतर फिलर गेजने जुळवावे. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा. थर्मोस्टॅट काढून टाकू नये. सतत थंड राहणाऱ्या इंजिनात डिझेल अपुरे जळते. कामाविना इंजिन दीर्घकाळ चालू ठेवल्यानेही हेच घडते.

काजळी हे लक्षण आहे. तिचे कारण तसेच राहिले, तर आज लखलखीत केलेली झडप पुढच्या मळणीपर्यंत पुन्हा काळवंडते. म्हणून दुरुस्तीच्या हिशेबात सफाईच्या मजुरीबरोबर इंजेक्टरची तपासणी, एअर क्लीनर आणि सील यांचा खर्चही आरंभीच धरावा.